घरच्या जुन्या बंदुकीचा कर्ता कोण?



गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील कांहीं मुलें बरोबर घेऊन आम्ही शिवथरास गेलों होतों. महाडाहून निघून वरंध घाटाच्या पायथ्याकडे वळलें म्हणजे दोहों बाजूंचे डोंगर जवळ जवळ येऊं लागतात, आणि शेवटीं वाट त्या प्रसिद्ध घळीपाशीं येऊन थांबते. समर्थ रामदासांनीं येथें बसून दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मध्यंतरीं ही जागा लोकांच्या विस्मृतींत गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं शोध करून १९३० सालीं ती पुन्हां सर्वांच्या नजरेस आणली. म्हणजे ग्रंथ कोणीं सांगितला तें ठाऊक, कोणीं लिहिला तें ठाऊक, आणि तो कोठें सिद्ध झाला तेंही शोधकाच्या श्रमानें कळलें.

घळ पाहून परततांना एका ओळखीच्या घरीं आम्ही पाणी पिण्यासाठीं थांबलों. ओसरीच्या तुळईला लांब नळीची एक ठासणीची बंदूक टांगलेली होती. घरच्या आजोबांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, ही बंदूक चंद्रराव मोऱ्यांच्या वेळची असून आमच्या मूळपुरुषानें ती जावळीच्या लढाईंत हातीं धरली होती. जावळी शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं घेतली. त्या हिशेबानें बंदूक साडेतीनशें वर्षांहूनही जुनी झाली. मुलें मोठ्या आदरानें तिच्याकडे पाहूं लागलीं. इतक्यांत आठवीच्या वर्गांतील एकानें विचारलें, “आजोबा, ही केली कोणीं?”

आजोबा क्षणभर थबकले. “धरली कोणीं तें सांगतां येईल, बाळा. केली कोणीं तें आतां कोण सांगणार?”

या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. आजोबांच्या परवानगीनें आम्ही पुढें दोन वेळां त्या घरीं गेलों. जुन्या हत्याराचा कर्ता कसा शोधतात, कोणता पुरावा कितपत विश्वासाचा मानावा, आणि आम्हांस अखेर काय सांपडलें, हें या लेखांत क्रमानें सांगावयाचें आहे.

नांव कोठें राहतें व कोठें जातें

हत्यारावर कारागिराचें नांव राहणें हें पुष्कळदां धन्याच्या दप्तरावर अवलंबून असतें. अकबर बादशहाच्या कारखान्यांत बंदुकीवर काय काय नोंदावें याचा नियमच होता. अबुल फझलच्या ‘आइन-इ-अकबरी’ या ग्रंथांत तो दिलेला आहे. लोखंडाचें वजन, तें कोठून आणलें, कारागीर कोण, बंदूक कोठें घडली, केव्हां घडली आणि तिचा अनुक्रमांक कोणता, या गोष्टी तींत येतात. त्याच ग्रंथांत उस्ताद कबीर व हुसेन या दोन बंदूक करणारांचीं नांवेंही आलीं आहेत. बादशहा चारशें वर्षांपूर्वींच निवर्तला. पण त्याच्या लोहारांचीं नांवें आपणांस आजही वाचतां येतात.

आपल्याकडील तोफांतही असें उदाहरण आहे. विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें निजामशाहीसाठीं ओतली गेली. तिचें वजन सुमारें ५५ टन भरतें. तिच्यावरील लेखांत ओतणाराचें नांव महंमद बिन हसन रूमी असें दिलेलें आहे. ‘रूमी’ या शब्दावरून तो तुर्कांच्या मुलखाकडील असावा हें कळतें. पुढें महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयन या सेनापतीनें कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हां आग्रा येथें सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. त्याच्या कारखान्यांतील बंदूक सुमारें दहा रुपयांस पडे. हीं नांवें टिकलीं, कारण त्यांच्यामागें राज्य होतें, कारकून होते, हिशेब होते.

खेड्यांतील लोहार-सुतारांचें तसें नव्हतें. त्यांस कामाचा मोबदला बलुत्याच्या धान्यांत मिळे. बंदूक दुरुस्त करून घेणारा व करून देणारा एकाच गांवचे, एकाच पाणवठ्यावरचे. ज्या हाताला सारा गांव ओळखतो त्यानें कामावर सही कशासाठीं करावी? परंतु ओळखणारीं माणसें गेलीं म्हणजे त्यांच्याबरोबर नांवही जातें. त्यांतच राज्यें बदललीं. १८१८ च्या मे महिन्यांत रायगडावर इंग्रजांच्या तोफांचा मारा झाला व गडावरील वाडे जळाले. पुढें १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. जीं थोडीं हत्यारें घरोघर उरलीं, त्यांच्याविषयीं मूळ हकीकत कमी व ऐकीव गोष्टी अधिक, अशी स्थिति झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बंदूक ही एका हाताची वस्तु क्वचितच असते. लोखंडाची नळी एकाची, बार पेटविणारा चाप दुसऱ्याचा, आणि खांद्यास लावावयाचा लांकडी दस्ता तिसऱ्याचा. शिवाय हे तिन्ही भाग एकाच काळचे असतील असेंही नाहीं. जुन्या नळीला नवा चाप बसवीत. मोडलेल्या दस्त्याच्या जागीं दुसरा करीत. म्हणून ‘हिचा कर्ता कोण?’ हा प्रश्न दिसावयास एक असला तरी वस्तुतः तीन प्रश्नांचा तो जुडगा आहे.

अमेरिकेंतील एक उदाहरण

हें शास्त्र फार चांगल्या रीतीनें वाढलें तें अमेरिकेंत. अठराव्या शतकांत पेनसिल्व्हानिया प्रांतांत जर्मनीकडून आलेल्या कारागिरांनीं एक विशिष्ट बंदूक घडविली. तिची नळी साडेतीन फूट किंवा त्याहूनही लांब असे. नळीच्या आंत पेंचदार खोबणी पाडलेल्या असत. त्यामुळें गोळी स्वतःभोवतीं फिरत जाई व नेम दूरवर अचूक लागे. दस्ता मेपल नांवाच्या लांकडाचा असून त्यावर वेलबुट्टी कोरीत, आणि त्यांत पितळी झांकणाची एक लहानशी पेटी बसवीत. कांहीं बंदुकांवर कारागिराचें नांव आहे, पुष्कळांवर नाहीं. ज्यांवर नाहीं त्यांचे कर्ते शोधण्यांत तेथील अभ्यासकांनीं आयुष्यें घालविलीं आहेत.

ते हा शोध कसा करतात? प्रथम नांव कोरलेल्या बंदुका एकत्र करून प्रत्येक कारागिराचा ‘हात’ ओळखून घेतात. वेलीचें वळण, पानाचें टोंक, पितळी झांकणाचा आकार, दस्त्याचा बांक, या गोष्टी माणसाच्या हस्ताक्षरासारख्या असतात. मग निनांवी बंदूक त्यांच्याशीं ताडून पाहतात. जो किंडिग नांवाच्या अभ्यासकाचें या विषयावरील पुस्तक १९६० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत याच पद्धतीनें शेंकडों बंदुकांची छाननी केली आहे. दुसरा पुरावा कागदांचा. कराच्या याद्या, मृत्युपत्रें, मयताच्या घरांतील अवजारांच्या याद्या, उमेदवारीचे करार आणि चर्चची नोंदवही यांतून कारागीर केव्हां कोठें होता व कोणाच्या हाताखालीं शिकला तें कळतें.

मोराव्हियन पंथाच्या लोकांनीं या कामीं मोठेंच उपकार केले आहेत. त्यांच्या वसाहतींत रोजनिशी ठेवण्याची व प्रत्येक सभासदाचें चरित्र लिहून ठेवण्याची चाल होती. त्यामुळें क्रिश्चन्स स्प्रिंग या वसाहतींतील बंदुकांच्या कारखान्यांत आंद्रेआस आल्ब्रेक्ट हा गुरु होता व क्रिश्चन ओर्टर हा त्याचा शिष्य पुढें त्या जागीं आला, ही परंपरा आपणांस कळते. ओर्टरनें १७७५ सालीं केलेली एक बंदूक व्हॅली फोर्ज येथील संग्रहालयांतून १९७१ सालीं चोरीस गेली होती. ती २०१८ सालीं सांपडली व पुन्हां लोकांस पाहावयास मिळाली. जिच्यावर नांव आहे ती वस्तु हरवली तरी तिला घरचा पत्ता असतो.

परंतु त्याच प्रांतांत सावधगिरीचा धडाही आहे. मार्टिन मायलिन नांवाचा कारागीर हा या बंदुकीचा आद्य जनक, आणि १७१९ ची त्याची भट्टी अजून उभी आहे, अशी तेथें फार दिवसांची समजूत होती. त्या जागीं पुढें उत्खनन झालें तेव्हां लोहारकामाच्या खुणा सांपडल्या. बंदुका घडविल्याचा पुरावा मात्र मिळाला नाहीं. आवडती गोष्ट आणि सिद्ध गोष्ट यांत केवढें अंतर असूं शकतें, हें यावरून कळेल.

बंदूक कशी वाचावी

आतां आपल्या कामाकडे वळूं. पहिला नियम जिवाचा आहे. जुनी ठासणीची बंदूक कधींही रिकामी आहे असें धरून चालूं नये. वर्षानुवर्षें भरलेला बार आंत तसाच असूं शकतो. म्हणून मुलांनीं तिला हात लावूं नये, तिच्या तोंडासमोर उभें राहूं नये. जाणता माणूस लांकडी काठी नळींत टेंकेपर्यंत घालतो व तोंडापाशीं खूण करतो. मग तीच काठी बाहेरून नळीवर धरतो. काठीचें टोंक कानापर्यंत, म्हणजे आग आंत जाण्याच्या बारीक भोकापर्यंत, पोंचलें तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडेच राहिलें तर आंत बार आहे असें समजावें. शिवथरच्या बंदुकीसाठीं आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका परवानेदार जाणत्या गृहस्थांस बरोबर नेलें होतें. बंदूक उघडण्याचें सारें काम त्यांनींच केलें. नळी रिकामी निघाली.

दुसरें पाहावयाचें तें चापाकडे. बार पेटविण्याच्या तीन रीति क्रमानें आल्या. सर्वांत जुनी तोड्याची. जळती जामगी चापाच्या चिमट्यांत धरून ती प्याल्यांतील रंजकेवर टेंकवीत. आपल्या देशांत अशा तोडेदार बंदुका एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरांत होत्या, म्हणून केवळ तोडा दिसला एवढ्यावरून ती शिवकालीन ठरत नाहीं. दुसरी रीत गारेची. घोड्यांत धरलेली गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी टोपीची. आघात होतांच पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकींत करण्याचें पेटंट स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकानें १८०७ सालीं घेतलें, आणि तांब्याची टोपी त्यानंतर प्रचारांत आली. तेव्हां टोपीचा चाप १६५६ सालचा असणें शक्य नाहीं. मात्र चाप नवा म्हणून नळीही नवी, असें अनुमान एकदम करूं नये. तोड्याच्या किंवा गारेच्या बंदुकीला पुढें टोपीचा चाप बसविल्याचीं उदाहरणें आहेत.

तिसरें, नळी. हिंदुस्थानी कारागीर पुष्कळदां लोखंडाची पट्टी पीळ देऊन गुंडाळीत व तापवून ठोकून तिचे सांधे एकजीव करीत. अशा नळीवर उन्हांत तिरकस धरून पाहिल्यास पिळाच्या रेषा दिसतात.

चौथें, ठसे. बहुधा ते नळीच्या बुडाशीं किंवा दस्त्याखालीं झांकलेल्या भागावर असतात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चापांवर आरंभीं चार भाग केलेल्या हृदयाची आकृति असे; सुमारें १८०८ पासून तिच्या जागीं मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. लंडन व बर्मिंगहॅम येथें नळ्यांची परीक्षा घेऊन ठसा मारीत; त्यांपैकीं बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें. बेल्जममधील लीएज शहराचा ठसा म्हणजे लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं तीन रोमन अक्षरें व एक तारा. १८९३ पासून या ठशावर मुकुट आला. एवढासा मुकुट, पण शंभर शब्दांच्या दंतकथेपेक्षां त्याची साक्ष पक्की असते.

शेवटीं दस्ता. लांकूड कोणतें, आंतल्या बाजूस हत्याराच्या खुणा कशा आहेत, चाप बसविण्यासाठीं केलेली खोबण यंत्रानें पाडलेली कीं पटाशीनें कोरलेली, आणि नक्षी असल्यास तिचें वळण कसें, हें सारें नोंदून घ्यावें.

शिवथरच्या बंदुकीची साक्ष

चाप टोपीचा होता व त्यावर नांव नव्हतें. आजोबा म्हणाले, “चाप मागाहून घातला असेल.” तें संभवनीय होतें. पण नळी दस्त्यापासून वेगळी केली तेव्हां तिच्या बुडाशीं लंबवर्तुळांतील तीन अक्षरें, तारा आणि वर मुकुट असा ठसा स्वच्छ दिसला. नळी लीएजच्या परीक्षेंतून १८९३ नंतरच बाहेर पडलेली. घरांतील सर्वांत जुना परवाना आजोबांच्या वडिलांच्या नांवाचा, इंग्रजी अमदानींतला होता; त्यांत रानडुकरांपासून पिकाचें रक्षण करण्यासाठीं एकनळी ठासणीची बंदूक असा उल्लेख होता. कागद व लोखंड या दोहोंची साक्ष जुळली.

ही गोष्ट आजोबांस सांगणें आमच्या जिवावर आलें होतें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या वाडवडिलांनीं खोटें सांगितलें, असें म्हणतां?”

आम्हीं उत्तर दिलें तें येथेंही लिहितों, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तें ध्यानांत धरावयास हवें. ही बंदूक जावळीच्या लढाईंत नव्हती, एवढेंच त्या ठशानें सिद्ध होतें. आपला मूळपुरुष त्या लढाईंत नव्हता, असें त्यानें सिद्ध होत नाहीं. एखादें जुनें हत्यार मोडतें, गहाळ होतें किंवा सरकारांत जमा होतें; त्याच्या खुंटीवर नवें येतें, आणि जुन्याची आठवण नव्याला चिकटते. घराण्याची स्मृति व वस्तूची साक्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीला दुसरीच्या तोंडून बोलावयास लावूं नये.

दस्त्याची पाहणी अजून व्हावयाची होती. तो कारखान्यांतून आलेला नव्हता हें आंतल्या पटाशीच्या घावांवरून उघड झालें. मूळचा दस्ता मोडल्यावर कोणीं तरी शिसवीचा हा नवा करून बसविला होता. चापाच्या मागें एक लहानसें पान कोरलेलें होतें. त्याचा देंठ डावीकडे वळलेला, मधली शीर खोल, आणि टोंकाशीं एक आडवा घाव. मुलें त्याचें चित्र काढीत असतां आजी आंतून आल्या, वांकून पाहिलें आणि म्हणाल्या, “हें पान तर आपल्या पाळण्यावर आहे!”

माळ्यावरून पाळणा खालीं काढला. धूळ झाडतांच त्याच्या चारही खांबांवर तेंच पान दिसलें. तोच वळलेला देंठ, तीच खोल शीर, टोंकाशीं तोच आडवा घाव. आम्हीं घावांची रुंदी मापली. दोन्ही ठिकाणीं ती सारखी भरली. आणि पाळणा कोणीं केला हें आजींस पक्कें ठाऊक होतें. त्याच वाडीवरचे एक सुतार. सासूबाईंनीं त्यांचें नांव घेऊन, त्यांनीं मजुरींत काय घेतलें तेंही सांगितलेलें होतें.

त्या सुतारांचे पणतू मुंबईस नोकरीला असतात. दुसऱ्या खेपेस ते गांवीं आलेले होते. त्यांनीं दस्ता हातीं घेऊन त्या पानावरून अंगठा फिरविला. “आमच्या घरीं त्यांची एक किंकरें-पटाशीसुद्धां उरलेली नाहीं,” ते म्हणाले. मग आजोबांनीं आपण होऊन त्यांस पाळण्यापाशीं नेलें आणि खांबांवरचीं पानें एकेक करून दाखविलीं.

आमचा निष्कर्ष असा. नळी लीएजची, १८९३ नंतरची. ही गोष्ट निश्चित. चापाचा कर्ता अज्ञात. दस्ता शिवथरच्या त्या सुतारांनीं केला; ही गोष्ट सहीच्या पुराव्यानें नव्हे तर हाताच्या ओळखीवरून ठरलेली, म्हणून फार संभवनीय, परंतु निश्चित नव्हे. त्यांचें नांव त्यांच्या घरच्यांच्या संमतीवांचून छापणें योग्य नव्हे म्हणून येथें दिलेलें नाहीं. शाळेच्या नोंदवहींत तें चित्रांसह लिहून ठेवलें आहे.

आपलें काम

पालकांस व विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे. घरांत जुनी बंदूक असेल तर प्रथम तिचा परवाना पाहा. शंका असल्यास पोलीस ठाण्यांत जाऊन विचारा. तिला राख, विटकरीची पूड किंवा पालीशकागद लावून घांसूं नका. लख्खपणाच्या हौसेनें ठसे व अक्षरें कायमचीं पुसून जातात. चाप, नळी व दस्ता यांचीं निरनिराळीं छायाचित्रें घ्या. घरच्या वडील माणसांना विचारा, आणि तें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. त्यांचें सांगणें एका पानावर व आपलें अनुमान दुसऱ्या पानावर असावें. निश्चित, संभवनीय आणि अज्ञात हे तीन रकाने आंखा, आणि तिसरा रकाना मोठा राहिला तरी लाजूं नका.

बंदूकच पाहिजे असेंही नाहीं. पाळणा, जातें, देव्हारा, नांगर, पितळी समई, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येकाच्या घरीं आहेच. कोणीं वापरलें हें आपण मुलांस नेहमीं सांगतों. कोणीं केलें हें सांगूं शकणारीं माणसें मात्र दरवर्षीं कमी होत आहेत. शिवथरच्या आजी त्या दिवशीं ओसरीवर आल्या नसत्या, तर दस्त्यावरचें तें पान आमच्या वहींत निनांवीच राहिलें असतें. म्हणून या सुटींत घरीं जाल तेव्हां हा प्रश्न आधीं विचारा, आणि उत्तर मिळेल तें त्याच दिवशीं लिहून ठेवा.